चौकटीतली फट

माझा धाकटा भाऊ विक्रम याला जमीन मोजता येते. बाकी काय येतं, ते त्याच्या बायकोला विचारा. हडपसरला आमचा मळा होता. त्याचे त्याने गुंठे पाडले, गुंठ्यांवर लोकांचे टॉवर उभे राहिले, आणि उरलेल्या कोपऱ्यात त्याने स्वतःसाठी एक बंगला बांधला. बाहेरून राजवाड्याचे खांब आणि आतून मॉलची फरशी. मी त्याची थोरली बहीण, कल्याणी. त्या मळ्यात माझाही वाटा होता. होता म्हणायचं, कारण एक दिवस मला गाडीत घालून रजिस्ट्रारकडे नेलं, हक्कसोडीवर सही घेतली, पैठणी दिली आणि येताना उसाचा रस पाजला. आई म्हणाली होती, "माहेर तोडू नगंस गं बाई." नाही तोडलं. पैठणी कपाटात आहे, घडी मोडलेली नाही.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे म्हणाल, हिला एवढं चिडायला काय झालं.

मी कर्वेनगरला राहते. आमच्या गॅरेजमध्ये गाडीऐवजी भट्टी आहे. ओल्या मातीची जाड पोळी लाटायची, तिच्यावर माती चढवून चित्र उठवायचं, मग सुरीने चौकोन कापायचे, सावकाश वाळवायचे, भाजायचे, रंग चढवून पुन्हा भाजायचे आणि त्या टाइल्स लाकडी चौकटीत बसवायच्या, हा माझा धंदा. माझ्या नवऱ्याचे मित्र त्याला 'वहिनींचा छंद' म्हणतात. ते स्वतः दिवसभर क्रिकेट बघतात, त्याला काय म्हणतात कोण जाणे.

तर विक्रम आला आणि म्हणाला, "ताई, हॉलच्या मोठ्या भिंतीवर आपली वंशवेल पाहिजे. मातीतली, उठावाची. एकदम रॉयल. बाहेरच्याला कशाला देऊ, घरात आर्टिस्ट असताना?"

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत माझ्या माहेरच्या माणसाने माझ्या कामाला काम म्हटलं नव्हतं. मी त्याला डाळिंबाचे दाणे सोलून दिले, चहा दोनदा केला. मूर्खासारखी मनात झाडाच्या फांद्या आखायलासुद्धा लागले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाने, ऋषीने, मोबाइलवर नावं पाठवली. बुंध्याशी आमचे आजोबा तात्याराव. त्यांच्यावर त्यांचे मुलगे, त्यात आमचे वडील गेनबा. त्यांच्यावर विक्रम आणि चुलतभाऊ. शेंड्याला ऋषी आणि त्याच्या पिढीचे. एकूण एक पुरुष. मला वाटलं, पुढचा मेसेज यायचा असेल. चहा गार होईपर्यंत वाट बघितली आणि मग फोन लावला.

"विक्रम, बायका कुठायत?"

"कुठल्या बायका?"

"आपल्या. आई, आजी, काकू. मी. तुझी पोटची पोरगी ऋतुजा."

"अगं ताई, वंशवेलीत बायका नसतात. लेकी दुसऱ्याच्या वेलीवर जातात."

"आणि सुना?"

"सुना येतात."

"आल्यावर बसतात कुठे? पायपुसण्यावर?"

"हे बघ, तू भांडायला लागू नकोस. भाटसुद्धा पुरुषांचीच नावं सांगायचे. करणार आहेस का बाहेरून करून घेऊ?"

"बाहेरून घे," असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तेव्हा आई माझ्याकडेच होती. बंगल्याच्या कामाची धूळ तिच्या छातीला सोसेना, म्हणून तिला मी घेऊन आले होते. ती गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून मटार सोलत होती. तिने हातानेच खूण केली, करते म्हण. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण म्हटलं, "करते."

आणि केलं. रागाने काम बिघडवायची मला सवय नाही, रागाने माझं काम उलट चांगलं होतं. एकेक पान असं उठवलं की शिरा बोटाला लागाव्यात. बुंध्याची साल जुन्या कंगव्याने ओढली. फांद्या खालून वर एकसंध चालत गेल्या, प्रत्येक पिढीची एक आडवी ओळ, प्रत्येक पुरुषाला एक मोठं पान. आमच्या आजोबांनी उभ्या जन्मात घरच्या बायकांशी एक गोड शब्द काढला नसेल, पण त्यांचं पान मी असं केलं की वाटावं, काय देवमाणूस होता!

माती ओलीच होती, अजून चौकोन कापायचे होते, तेवढ्यात विक्रम सुताराला घेऊन हजर. सुताराच्या हातात टेप.

"काय करताय?" मी विचारलं.

"चौकटीचं माप घेतोय. सागवान आणलंय टिंबर मार्केटमधून. वर मोर, बाजूला वेलबुट्टी. टाइल्स होईस्तोवर चौकट तयार."

"माप आता नाही घ्यायचं. माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते. फुटामागे सव्वा इंच जातो. सगळं भट्टीतून बाहेर आलं की मी माप देईन."

विक्रम हसला. त्याचं ते हसणं मला लहानपणापासून डोक्यात जातं. "ताई, मापं तू मला शिकवू नकोस. आख्खा मळा मी साखळीने मोजलाय. माप म्हणजे माप. जमीन आकसते का कधी?"

बहिणीच्या वाट्याची आकसते की, असं मी म्हणणार होते. सुतार समोर होता, म्हणून गिळलं. सुतारानेही एकदा, "साहेब, मॅडम म्हणतायत तर..." असं म्हणून बघितलं. विक्रमने त्याच्याकडे असं पाहिलं की तो टेपकडे बघायला लागला. आडवं माप, उभं माप. मी कडेला उभी राहून मातीचे हात पुसत होते. एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायला मी काय त्याची नोकर होते? म्हटलं, घे बाबा. मोज. मोजून मोजून घे.

पुढे ऐका. चौकट झाली, आणि या गृहस्थाने ती भिंतीवर बसवून टाकली. नुसती बसवली नाही, मुहूर्तावर बसवली. गुरुजी आले, हळदकुंकू झालं, नारळ फुटला, चारी कोपऱ्यांना आंब्याची पानं. मला फोटो आला. आत काहीच नाही, नुसतं प्लायवूड आणि भोवती मोरांचं सागवान, आणि त्यापुढे हात जोडून उभा विक्रम. मी फोन कानाला लावून विचारलं, "दाराच्या चौकटीची पूजा असते, हे ऐकलं होतं. ही कसली?"

"चौकट ती चौकट," तो म्हणाला.

टाइल्स भट्टीतून निघाल्या. पानं हिरवी, बुंधा काळपट तांबडा, एकाही टाइलला तडा नाही की कोपरा उचललेला नाही. एवढं मोठं काम इतकं सरळ उतरतं तेव्हा माणूस नाचतो. मी नाचले नाही, कारण मला पुढचं दिसत होतं. टेम्पोत घालून हडपसरला नेल्या, खालच्या डाव्या कोपऱ्यापासून चौकटीत लावून बघितल्या. वर वीतभर प्लायवूड उघडं राहिलं. उजवीकडे वीतभराहून जास्त.

विक्रम कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग म्हणाला, "लहान केल्यास?"

"मी नाही केल्या. आगीने केल्या."

"मुद्दाम केलंस."

"हो का? विस्तवाला मी जाऊन सांगितलं असेल, बाबा रे, आमच्या विक्रमची जरा जिरव."

"ताई!"

"ओरडू नकोस. तुला सांगितलं होतं की नाही? सुतारासमोर सांगितलं होतं. आता सोपं आहे, चौकट उतरव, आतून कापून लहान करून घे."

त्याचा चेहरा असा झाला, जणू मी घर पाडायला सांगितलं. "मुहूर्तावर बसवलेली चौकट उतरवायची? गुरुजी म्हणालेत, बसलेली चौकट हलवली तर घर हलतं. पुढच्या आठवड्यात वास्तुशांत आहे. आख्खं गाव जेवायला आहे. नगरसेवक येणारेत."

"मग राहू दे फट. म्हणावं, रॉयल फट आहे."

तो इकडून तिकडे येरझाऱ्या घालायला लागला. शेवटी म्हणाला, "त्या फटीत काहीतरी भर. फुलंबिलं कर. तुम्हाला बायकांना येतं ना ते, नक्षी."

तुम्हाला बायकांना. हे ऐकून मी टाइल्स पुन्हा खोक्यात भरल्या आणि एक अक्षर न बोलता निघाले. टेम्पोत बसल्यावर मात्र मोठ्याने बोलत होते. टेम्पोवाल्याने दोनदा वळून बघितलं आणि मग रेडिओचा आवाज वाढवला.

घरी येऊन मी टाइल्स गॅरेजच्या फरशीवर मांडल्या. फुलं कुठे घालायची ते बघत होते आणि तोंडाने विक्रमचा उद्धार चालू होता. आई खुर्चीतून उठली, गुडघ्यावर हात ठेवत खाली बसली. तिची शाळा चौथीपर्यंत, वाचते बोट ठेवून. तिने एकेका पानावर बोट ठेवलं. तात्याराव. गेनबा. विक्रम. ऋषी. सगळी ओळ झाली, वरची झाली, परत खाली आली. मग म्हणाली, "आन् मी कुठं हाय?"

मी एक टाइल उगाच सरळ केली. काय सांगणार?

"इचारते मी. मी कुठं हाय यात?"

"आई, वंशवेलीत बायका नसतात म्हणे. तुझ्या लेकाचा शोध आहे."

मला वाटलं, ती नेहमीसारखं म्हणेल, जाऊ दे गं, त्याचं मन मोडू नगंस. माझी आई जन्मभर हेच म्हणत आली. पण तिने गेनबाच्या पानावर हात ठेवला आणि हळूच वर सरकवत विक्रमच्या पानापर्यंत आणला. "ह्याच्यापासनं ह्याच्यापातूर ह्यो गेला कसा?" ती म्हणाली. "उडी मारून? धा वरसं मूल न्हाई म्हणून मला माहेरी धाडायला निगालं हुतं ह्ये घर. मग तू झालीस, तवा नाकं मुरडली. मग ह्यो झाला. झाला तवा मी मरता मरता वाचले. आन् मी कुठंच न्हाई?"

तिचा आवाज चढला होता. माझ्या आईचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मटाराची टोपली तिच्या पायाने कलंडली तरी तिने बघितलं नाही.

त्याच क्षणी मला फट दिसली. म्हणजे फट मला सकाळपासून दिसतच होती, पण ती मी कडेला बघत होते. फट कडेला ठेवायचीच कशाला? मी खाली बसले आणि टाइल्सच्या ओळी एकमेकींपासून थोड्या दूर सरकवल्या. तात्यारावांची ओळ आणि गेनबांची ओळ यांच्यामध्ये चार बोटं जागा झाली. गेनबा आणि विक्रम यांच्यात तेवढीच. विक्रम आणि ऋषी यांच्यात तेवढीच. उभ्या टाइल्सही सरकवल्या, भावाभावांच्या मध्ये जागा झाली. फांद्या सगळीकडे तुटल्या.

"ह्ये काय केलंस?" आई म्हणाली.

"जागा केली. आडव्या पट्ट्यांत सुना, उभ्या पट्ट्यांत लेकी. तुटलेली फांदी त्यांच्यातूनच वर जाईल. दुसरा रस्ताच नाही तिला."

आईने मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "लिव मग."

सगळ्या बायकांची नावं तिला पाठ होती. आजी मुक्ताई. थोरल्या चुलत्यांची पहिली बायको, जी बाळंतपणात गेली आणि जिचा फोटोसुद्धा नाही. विहिरीचं पाणी ओढून ओढून पाठीत वाकलेली काकू. मी वाटीत माती भिजवता भिजवता ऐकत होते. शेवटी म्हटलं, "आणि तुझं, आनंदीबाई."

"न्हाई."

"काय नाही?"

"आनंदी ह्यांनी ठिवलेलं. तुज्या बापानं लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिवलं, आन् सासऱ्यानं वाचून दावलं. मला कुनी इचारलं न्हाई." ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. "मी शकू."

मी बावन्न वर्षांची बाई. माझ्या आईचं नाव मला गॅरेजमध्ये, फरशीवर बसून कळलं. मामा तिला अक्का म्हणायचे, आईची आई मला आठवतच नाही. कुणाच्या तोंडून ऐकणार होते मी?

"वरात निघाली तवा माझ्या आईनं मागनं हाक मारली," ती म्हणाली. "शकू, म्हनली. मी वळाय लागले तर सासूनं मान धरून फुडं केली. म्हनली, आता तू आनंदी. त्या नावाला ओ द्यायची न्हाई. न्हाई दिली मग. आई तितं वेशीवर हुबी ऱ्हायली."

माझ्या लग्नात असंच ताट आलं होतं तेव्हा मी ते नवऱ्याच्या हातातून ओढून घेतलं आणि त्यात माझं मीच 'कल्याणी' लिहिलं. आई सोडून सगळे मला अजून त्यावरून बोलतात. आई का बोलली नाही, हे मला त्या दिवशी समजलं, आणि मला इतका राग आला की भट्टीचं झाकण दोन्ही हातांनी आपटलं. राग बापाचा, आजोबांचा, सासू म्हणवणाऱ्या त्या आजीचा, जिला ताटात लिहिलेलं नावच मिरवावं लागलं असेल आणि जिने तेच पुढे वाढून दिलं.

मग मी घरातल्या जिवंत बायकांना एकेकीला फोन केला. तुझं कुठलं नाव घालू? विक्रमची बायको उत्कर्षा दुपारी "तुम्हाला योग्य वाटेल ते, ताई," म्हणाली. थोड्या वेळाने तिचाच फोन आला, बाथरूममधून, नळ सोडून. "ताई, माझं आम्रपाली घाला ना. आईबाबांनी हौसेनं ठेवलं होतं." पुतणी ऋतुजा हिंजवडीला नोकरी करते. ती ऑफिसातच ओरडली, "आत्या, आय ॲम सो इन! बाबांचा चेहरा मला लाइव्ह बघायचाय."

पट्ट्या केल्या. यावेळी आकसण्याचा हिशेब धरून मापं मोठी घेतली, जे काम विक्रमने करायला हवं होतं. शेवयांसारख्या बारीक वळ्या करून अक्षरं उठवली. हिरवा रंग दिलाच नाही, मातीचा तांबडाच ठेवला. प्रत्येक फांदी खालच्या पुरुषापासून निघून तांबड्या पट्टीत शिरते, तिथल्या नावाला वळसा घालते आणि मगच वरच्या पुरुषापर्यंत पोचते. शकूची पट्टी मी आईला दाखवली तेव्हा तिने अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "'श'चा शेंडा जरा उजवीकडं झुकलाय." सरळ केला.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी आणि सुताराने सगळं चौकटीत बसवलं. विक्रम मंडईत होता. सुताराने एकेक पट्टी दाबताना नाव वाचलं, पण काही विचारलं नाही. काम झाल्यावर मी वरून नवी चादर टाकली. विक्रम आला, चादर उचलायला गेला.

"अं हं," मी म्हटलं. "उद्या पूजा झाल्यावर. मुहूर्त आहे."

"कुणी काढला?"

"मी. चौकट ती चौकट."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये आणि उघड्या दारांपुढच्या मांडवात खरंच आख्खं गाव होतं. फेटे, गाड्या, श्रीखंड, नगरसेवक. गुरुजींनी शेवटचं "शांतिः शांतिः" म्हटलं. शांती होणार नव्हती हे मला ठाऊक होतं. विक्रमने माइक घेतला, "आमच्या घराण्याचा इतिहास," असं काहीतरी बोलला आणि चादर ओढली.

आधी टाळ्या झाल्या. मग पुढच्या रांगेतले लोक वाचायला लागले आणि टाळ्या विरल्या. विक्रम वळून बघतो तर काय! त्याची नजर आधी 'आम्रपाली'वर गेली. ते नाव त्याला माहीत होतं. त्याने बायकोकडे असं बघितलं की तिने पदर सावरला, पण मान खाली घातली नाही. मग त्याची नजर खाली आली. गेनबांच्या आणि त्याच्या स्वतःच्या मधल्या पट्टीवर.

"ही शकू कोण?" तो मला म्हणाला. माइक हातातच होता, त्यामुळे सगळ्या मांडवाला म्हणाला.

मी चादरीची घडी घालायला लागले. मुद्दाम. मागून कुणीतरी हळूच, पण ऐकू जाईल इतक्या हळूच म्हणालं, "गेनबाला दुसरी हुती काय रं?" एक लांबचे काका लगेच सावरून घ्यायला पुढे झाले, "न्हाई न्हाई, गेनबा तसा मानूस नव्हता. निदान मला तरी कदी बोलला न्हाई." त्यावर दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या.

विक्रम लालबुंद झाला. माइक टाकून माझ्यावर धावून आला. "बापाची अब्रू घालवलीस, ताई! सगळ्या गावासमोर! कुठली बाई आणून ठेवलीस आमच्या वडिलांच्या डोक्यावर? कोण आहे ही?"

"मी हाय ती."

आई पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसली होती. उठली नव्हती.

विक्रम तिच्याकडे वळला आणि काय म्हणाला माहीत आहे? एखाद्या लहान मुलीची चूक सुधारावी तसा म्हणाला, "आई, अगं तू आनंदीबाई. तुला कळत नाहीये, तू बस."

मी तिथेच त्याच्या कानफटात मारली असती. हात उचललाही होता. ऋतुजाने मागून माझं मनगट धरलं.

"काढा ते!" विक्रम सुतारावर ओरडला. "छिन्नी आणा. सगळ्या तांबड्या पट्ट्या काढा. आत्ताच्या आत्ता."

सुतार जागचा हलला नाही. तेव्हा विक्रमने स्वतःच त्याच्या पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली आणि शकूच्या पट्टीवर टेकवली. नाव एकदाच लिहिलं होतं, एकदाच भाजलं होतं.

आई उठली. ऋतुजाने हात पुढे केला, तो तिने झटकला. चालत भिंतीपाशी गेली.

"काढ," ती म्हणाली. "माझी पट्टी काढ. पर मग नीट काढ. माझ्यापासनं वरचं समदं काढ. ह्यो विक्रम काढ, ह्यो ऋषी काढ. पार त्या मोरापातूर. माझ्याबिगार तिथं कोन चढलं ते बघू दे लोकास्नी. हान हातोडी!"

मांडवात पंगतीची तयारी करणारे वाढपीसुद्धा भांडी धरून थांबले होते. विक्रमच्या छिन्नीचं टोक त्या फांदीवर होतं, जी वळसा घालून त्याच्याच पानात शिरत होती. त्याने फांदीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. छिन्नी खाली आली.

"आता वाच," आई म्हणाली.

"काय?"

"तितं काय लिवलंय ते. मोट्यानं. इतका येळ मोट्यानं इचारत हुतास न्हवं?"

त्याने ओठ हलवले.

"न्हाई आलं ऐकू."

"शकू!" विक्रम ओरडला. रागाने, लाजेने, सुटका करून घ्यायला ओरडला असेल, मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याची हाक बंगल्यातून मांडवात आणि मांडवातून रस्त्यापर्यंत गेली.

आणि माझ्या आईने ओ दिली.